पोटात कळ, पायाखाली ब्रेक

१२ फेब्रुवारी
आज भर चौकात ब्रेक मारला. मीच! गाडी शिकवणाऱ्या बाईच्या पायाखालीही ब्रेक असतो – शिकणाऱ्याने घोळ घातला तर असावा म्हणून. आज घोळ माझ्या पोटाने घातला. अशी कळ आली की पाय आपोआप दाबला गेला. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. चालवत होते ते निवृत्त हेडमास्तर घामाघूम.
"माझं काय चुकलं, मॅडम?"
"काही नाही, सर. अचानक थांबायचा सराव!"
"मग जमलं का मला?"
शाबासकी दिली. बिचारे!

१३ फेब्रुवारी
दुसरा दिवस. म्हणजे खरा दिवस. एकावर एक दोन पॅड, काळी पॅन्ट, सीटवर लेकीचा जुना टॉवेल – बदकांचा. कॉलेजची पोरगी शिकायला आली. "अय्या, किती क्यूट!" तिला काय सांगू, अगं, बदकं पोहायची वाट बघतायत!

१४ फेब्रुवारी
शिकवणी बंद. पोटावर गरम पाण्याची पिशवी घेऊन आडवी.
सासूबाई दारातून: "आमच्या वेळी कुठली पिशवी नि कुठलं काय! अशा दिवसांत मी पाचव्या मजल्यावर पाणी चढवलंय."
मागच्या महिन्यात मजला तिसरा होता. इमारत वाढतेय.
नवरा म्हणाला, "एकदा दाखवून ये ना." दर महिन्याला म्हणतो. मीही दर महिन्याला हो म्हणते. मग थांबतं, बरं वाटतं, विषय संपतो. प्रसूतिवैराग्यच हे!

२४ फेब्रुवारी
जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी आली. मटकन बसले. नवऱ्याने दंड धरला तो सोडलाच नाही. थेट दवाखान्यात!

डॉक्टरीणबाई पेन बाजूला ठेवून ऐकत होत्या. पॅड कितीदा बदलावं लागतं? रक्ताच्या गुठळ्या पडतात? कामं बुडतात? मी हो, हो, हो. लग्न ठरताना इतकी होकारार्थी नव्हते.
"किती वर्षं चाललंय हे?"
"लेक झाल्यापासून वाढलंय. पण सगळ्यांचं असंच असतं ना?"
"नाही हो," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचं असं नसतं."
एवढंच. पण माझे डोळे भरून आले. बाकी काही नाही, बाई, एवढं तरी कुणीतरी आधी सांगायचं होतं!

२८ फेब्रुवारी
रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सात. "चालता कशा तुम्ही?" – डॉक्टरीणबाई. "चालत नाही, गाडीत बसते," मी. त्या हसल्या नाहीत. लोहाच्या गोळ्या सुरू.
सोनोग्राफीत गर्भपिशवीत एक गाठ दिसली. छोटी, साधी. घाबरायचं कारण नाही म्हणाल्या. मी दुपारपर्यंत घाबरून घेतलं.

१ मार्च
घरात परिषद भरली.
जाऊबाई फोनवर: "पिशवीच काढून टाक! कटकट मिटली." जणू भाजीची पिशवी, खुंटीवरून काढायची!
नवऱ्याने रात्रभर मोबाइलवर वाचून डोळे लाल केलेत. आता तो मला माझंच शरीर समजावतो.
सासूबाई: "सहन करायची सवय लागते." एवढं बोलून आत गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी मात्र नीट मांडून सांगितलं होतं. फक्त त्या दिवसांत घ्यायची, रक्तस्राव कमी करणारी गोळी. नाहीतर हार्मोनची तांबी – पिशवीत बसवायची, काही वर्षं टिकते. गाठीने त्रास दिलाच तर तिच्यावर इलाज. पिशवी काढणं अगदी शेवटी. "घाई नाही. निवड तुमची."
माझी! या घरात पडद्याचा रंगसुद्धा मी एकटीने निवडलेला नाही.

१९ मार्च
गोळीने फरक पडला, पण कळ तशीच. तांबी बसवायची ठरवली.

२ एप्रिल
बसवली. "चिमटा बसेल," म्हणाल्या. चिमटा? चांगली पक्कड होती ती! मी छताकडे बघत गिअर मोजले. रिव्हर्स येईपर्यंत काम झालंसुद्धा.

११ मे
रोज थोडंथोडं लाल. सुरुवातीला असं होतं हे सांगितलं होतं त्यांनी, तरी वैताग! आज नवऱ्यावर विनाकारण ओरडले. त्याने मुकाट्याने भांडी घासली. कधीकधी विनाकारणच बरं.

६ जुलै
कळ आली – आणि गेली! पाठोपाठ दुसरी नाही. पॅड एकच, तेही नावापुरतं. अंगात ताकद आलीय. जिना बोलत बोलत चढले, वर पोचून आणखी बोलले. लेक म्हणाली, "आई, श्वास घे."

८ जुलै
पांढरी पॅन्ट घेतली!!

१० जुलै
पांढरी पॅन्ट घालून निघाले. सासूबाई वरपासून खालपर्यंत बघत राहिल्या. म्हटलं, आता ऐकावं लागणार. पण त्या मुकाट्याने मागोमाग आल्या नि गाडीत शेजारी बसल्या.
"तुझ्या त्या डॉक्टरीणबाई... माझ्या वयाच्या बाईला बघतात का गं?"
"बघतात की, आई. का?"
त्या काचेतून समोरच बघत होत्या. "माझी पाळी बंद होऊन पंधरा वर्षं झाली. हिवाळ्यापासून पुन्हा रक्त जातंय. कुणाला बोलले नाही."
फाटकात सकाळची शिकणारी येऊन उभी होती. तिला हातानेच 'आज नाही' केलं आणि गाडी काढली.