माझा घसा बसला नव्हता

मृत्युपत्र लिहून ठेवणार मन्मथ सिद्धराम हालगे, वय वर्षे एकोणपन्नास, धंदा मापाडी, राहणार अहमदपूर, जिल्हा लातूर. (गेल्या ऑगस्टपर्यंत उस्मानाबाद लिहीत होतो, हात अजून तिकडेच वळतो.)

माझी प्रकृती धडधाकट आहे आणि बुद्धी ठिकाणावर आहे. कोणाच्या दडपणाखाली नाही, असेही लिहायची पद्धत आहे. दडपण आहे. पण ते हे लिहू नये यासाठी आहे, म्हणून त्यामुळे या कागदाला बाध येऊ नये.

उद्या सोमवारी सकाळच्या एस.टी.ने मी लातूरला विक्रीकर कचेरीत जबाब द्यायला जाणार आहे. परत आलो तर हा कागद पेटीत पडून राहील. आलो नाही, तर किशनराव हमाल यांनी तो उघडावा आणि खालीलप्रमाणे करावे.

कलम १. पहिले कलम घराचे असते. पण घर कोणाला आणि का, हे समजायला आधी माझ्या कामाचे सांगावे लागेल.

माझे वडील खळ्यावर पायलीने धान्य मोजत. पहिल्या मापाला आम्ही ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. मग दोन, तीन, चार. वडील सांगत, “मापाला तोंड नसतं. मापाडी हेच मापाचं तोंड.” मी लोह्याकडच्या खेड्यात चौथीपर्यंत शिकलो आणि वडिलांची पायली घेऊन अहमदपूरच्या बाजारात आलो. पायली जाऊन काटा आला, हाक तीच राहिली. चन्नबसप्पा मालकांच्या आडतीवर पोते काट्यावर चढले की मी मोठ्याने पुकारतो आणि व्यंकटराव मुनीम वहीत लिहितात. मुनिमाने ऐकून लिहायचे, मान वर करून पाहायचे नाही, अशी त्या आडतीची रीत.

बहात्तरच्या दुष्काळात बाजारात पोतेच येईना. माझी पत्नी नागम्मा सरकारी कामावर खडी फोडायला गेली. तिच्या डाव्या अंगठ्याचे नख गेले ते परत आले नाही. मजुरी तीन-तीन आठवडे मिळत नसे. कारकून म्हणे, वरूनच पैसा आला नाही. त्या दिवसांत मालकांनी मठात दासोह, म्हणजे अन्नछत्र, चालवला. रोज दोनशे माणसांना ज्वारीची आंबील. सात महिने आम्ही तिथे जेवलो. हे मी विसरलेलो नाही, आणि पुढेही कोणी विसरू नये.

चौऱ्याहत्तर साली पहिले बरे पीक बाजारात आले, तेव्हा मालकांनी मला बाजूला घेतले.

“दासोहात लई गेलं, मन्मथ. थोडं भरून काढू. तुला खोटं बोलाया सांगत न्हाई मी. खांद्यावरचा पंचा डोक्यावर घेतला, की फकस्त गप बस.”

मी गप बसलो. दहा पोत्यांतली सात पुकारायची, तीन मुक्याने तोलायची. मुनिमाने ऐकले नाही, म्हणून लिहिले नाही. त्या तीन पोत्यांतली करडई कर न भरता तेलाच्या गिरणीवर जायची. शेतकऱ्याला त्याचे पैसे रोख मिळत. बुडत होते ते सरकारचे, आणि सरकार कोणाच्या ओळखीचे? मालक म्हणत, वहीत एक आकडा खोटा नाही. मुनीम म्हणत, ऐकलं ते सगळं लिवलं. मी म्हणे, माझ्या तोंडून खोटे माप गेले नाही. तिघेही देवाला भिणारे, आणि तिघांनाही अन्न गोड लागत होते.

कलम २. मुक्या तोलाच्या पोत्यांचा आकडा मी रोज घरी येऊन पंचांगात त्या तिथीपुढे पेन्सिलीने मांडत गेलो. का, ते तेव्हा मला कोणी विचारले असते तर सांगता आले नसते. अशी नऊ पंचांगे झाली. एकूण पोती चार हजार सहाशे अठरा. ही पंचांगे आता घरात नाहीत. कुठे आहेत ते एकट्या किशनरावांना ठाऊक आहे, तेव्हा घर उचकून कोणाला काही मिळणार नाही. माझा जबाब झाला नाही, तर किशनरावांनी ती कचेरीत नेऊन पावती घ्यावी.

यंदाचे पंचांग पाडव्याला घेतले. ते कोरे आहे. ते माझे जावई ईश्वरप्पा यांना द्यावे. ते मालकांचे भाचे असून मालकांची उदगीरची आडत पाहतात. कोरे ठेवायचे की कसे, ते त्यांचे त्यांनी ठरवावे.

कलम ३. मार्चमध्ये लातूरच्या विक्रीकर कचेरीचे एक तरुण साहेब आडतीवर आले. आल्याचे कोणाला कळले नाही, पोत्यांच्या थप्पीमागे उभे होते. मी ‘लाभ’पासून सातपर्यंत पुकारले. मालकांनी पंचा डोक्यावर घेतला. पुढची तीन पोती काट्यावर चढली आणि उतरली. साहेब पुढे आले.

“आवाज का थांबला?”

“घसा बसला, साहेब.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले, काही लिहिले नाही, चहाही घेतला नाही, गेले.

संध्याकाळी पूजेला इष्टलिंग तळहातावर घेतले आणि पूजा न करताच परत गळ्यात घातले. नऊ वर्षे जे खोटे गप राहून बोललो, तेच त्या दिवशी तोंडाने बोललो होतो. पुढे तीन दिवस पूजा केली नाही. चौथ्या दिवशी लातूरला जाऊन साहेबांना सांगितले, “माझा घसा बसला नव्हता.” त्यांनी जबाबासाठी उद्याची, १८ एप्रिलची, तारीख दिली.

कलम ४. नव्या जिल्ह्यात विक्रीकराची कचेरी वाढवावी, रस्त्यावर तपासणी नाका बसवावा, भरारी पथक ठेवावे, असे चालले आहे. त्याविरुद्ध बाजार तीन दिवस बंद होता. ‘आमचा सर्वांचा विरोध आहे’ या निवेदनावर दुसऱ्या ओळीत माझी सही आहे. ती सही मी या कागदाने मागे घेतो.

विचार न करता घेत नाही. मागचे एक इन्स्पेक्टर आडतीवर चहा पीत आणि बाहेर बसणाऱ्या चतुराबाईचे गोड्या तेलाचे दोन डबे पावती नाही म्हणून उचलून नेत. त्या बाईने पुन्हा बाजार केला नाही. मुनीम म्हणाले होते, “साहेब वाढले तर तेलाचे डबे वाढतील, मन्मथप्पा. कर न्हाई वाढनार.” तेव्हा मी हसलो होतो. पुष्कळ दिवस विचार केला. एकच साहेब असला तर त्याला एक डबा पुरतो. चार साहेब एकमेकांकडे पाहत असतील, तर डबा कोणाच्या दारात उतरला ते झाकून राहत नाही. म्हणून माझे मत असे की कचेरी वाढवावी, पण तिने मोठ्या दारापासून सुरुवात करावी, चतुराबाईपासून नव्हे. आणि प्रत्येक तोल मोठ्याने पुकारून बाजार समितीच्या माणसासमोर लिहावा.

यंदाही पाऊस ओढला. भामाबाई, जी आडतीपुढे सांडलेले दाणे झाडून नेते, ती पुन्हा रोजगार हमीवर खडी फोडते आहे. तिची दोन आठवड्यांची मजुरी थकली आहे. कारकून तेच म्हणतो, वरून आला नाही. वर जायचा पैसा खाली कुठे थांबला, त्यातला काही मला तरी ठाऊक आहे. दासोह आपल्या कमाईतून करायचा असतो. मालकांनी केलाही. पण नंतर तो दुसऱ्याच्या ताटातून भरून घेतला, आणि ताट ओढायला माझे हात लागले.

कलम ५. आता घर. शुक्रवारी दुपारी मालक स्वतः आले. बाजेवर बसले, पाणी मागितले. मी विचारले, “रुद्राणी बरी हाय न्हव, मालक?” रुद्राणी माझी एकुलती लेक, मालकांच्या त्याच भाच्याला दिलेली.

“बरी हाय की. उदगीरचं घर मोठं हाय, दार बी मोठं हाय. बाहेर निघायला येळ लागत न्हाई.”

मग ते म्हणाले, “अन्न घातलंय मी तुला, मन्मथ.”

“हाव, मालक. खाल्लंय. साहेबाला ते बी सांगनार हाय.”

नागम्मा पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. ती म्हणाली, “मालक, माझ्या खडीचे पैसे तवा कुनाच्या कोठीत अडकले व्हते, ते अंगठ्याला इचारते कधी कधी. ते बी सांगत न्हाई.” मालक पाणी तसेच ठेवून उठले.

काल रुद्राणीला बोलावून घेतले. तिला सगळे सांगितले आणि म्हणालो, तू नको म्हणालीस तर जात नाही. पोरीने आईचा अंगठा हातात धरला.

“आप्पा, तुमी गप हाव म्हनून मी तिथं सुखात हाय, असं उद्या कुनी मला म्हनू नये. जावा तुमी. पर मला यायला एक दार ठेवा.”

म्हणून लिहितो, की अहमदपूर येथील माझे दोन खणांचे पत्र्याचे घर, मागची मोरी आणि लिंबाच्या झाडासह, माझ्या पश्चात माझी मुलगी रुद्राणी हिच्या एकटीच्या मालकीचे राहील. नागम्मा हयात असेपर्यंत तिथे राहील आणि रुद्राणीवर तिला सांभाळायचे बंधन नाही, ती स्वतःला सांभाळते. लेकीला घर देत नाहीत, असे माझे चुलतभाऊ म्हणतील. त्यांना एवढेच सांगावे, की या घराचे दार कोणाला धमकी द्यायला वापरता येऊ नये, म्हणून मी ते तिच्या हाती दिले आहे. ती आली नाही तरी दार तिचे. सुखाने नांदत असेल तर कुलूप लावून ठेवावे, पण किल्ली तिच्याच कमरेला असावी.

कलम ६. किरकोळ. पोस्टातले दोन हजार तीनशे चाळीस रुपये नागम्माला. त्यांपैकी एक्कावन्न रुपये तिने मठाच्या दासोहाला द्यावेत, पावती घेऊन. वडिलांची पायली किशनरावांना, धान्य भरायला नव्हे, जपून ठेवायला. बाजार समितीचा पितळी बिल्ला समितीला परत करावा, मी मरताना मापाडी होतो की नाही ते त्यांनी ठरवावे. माझी छत्री व्यंकटराव मुनिमांना. चार पावसाळे ते तिची तारीफ करीत आहेत. चतुराबाई कुठे भेटली तर तिला माझी काळी घोंगडी द्यावी आणि मी हसलो होतो ते सांगावे.

चन्नबसप्पा मालकांशी माझे वैर नाही. ते माझ्या मयताला आले तर अडवू नये, पुढे बसवावे.

कलम ७. आमच्या रीतीने बसवून पुरावे, इष्टलिंग तळहातावर ठेवावे. मातीच्या पहिल्या ओंजळीला कोणीतरी मोठ्याने ‘लाभ’ म्हणावे. मुक्याने माती टाकू नये.

साक्षीदार दोन लागतात. भामाबाई येते म्हणाली. दुसरे व्यंकटराव मुनीम यांना बोलावले आहे. येतील की नाही, माहीत नाही. जागा सोडली आहे. आले तर हा कागद त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत, बाजारात पुकारतो त्या आवाजात वाचून दाखवणार आहे.

मन्मथ सिद्धराम हालगे
(सही)

साक्षीदार:

१. भामाबाई, राहणार अहमदपूर. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. समक्ष वाचून दाखवले, समजले.

२. हे मृत्युपत्र मन्मथप्पांनी मला मोठ्याने वाचून दाखवले. मी ऐकले. ऐकले ते लिहितो, आजवर तसेच केले आहे. उद्या सकाळच्या एस.टी.ला मीही वही घेऊन बसणार आहे. साक्षीदाराने काही घेऊ नये म्हणतात, म्हणून छत्री सोडली.
व्यंकट मुनीम (सही)

ठिकाण: अहमदपूर
दिनांक: १७ एप्रिल १९८३, रविवार