आ-छिन अजून जेवतेय

मी, लाय मेई-चू, दिवंगत को छिंग-तू यांची बायको, वय सत्तावन्न, धंदा माशाच्या गोळ्यांचं सूप विकणे, राहणार जिलुंग, बंदराच्या वरच्या चढावरचं घर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कोणी दमदाटी केलेली नाही. मला दम देणारी एकच बाई होती, माझी सासू, आणि ती माझ्या आधी गेली. फुफ्फुसात गाठ आहे, पण हात अजून थरथरत नाही, म्हणून आत्ताच लिहून टाकते. मी सहावीनंतर बंदरावर मासे साफ करायला लागले, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नयेत. याआधी मी असला कागद केलेला नाही. कोणी दुसरा दाखवला तर तो चुलीत घालावा.

कलम एक. मला तीन मुलं आहेत. थोरला वेन-रेई, ताओयुआनला बायको फेई-शान आणि मुलाबरोबर फ्लॅटमध्ये राहतो. मधली आ-छिन. धाकटी यी-चेन, लग्न केलेलं नाही, माझ्याजवळ राहते, आता दुकानही तीच बघते. आ-छिन सहा वर्षांची असताना डोक्यात ताप जाऊन वारली.

कलम दोन. पोस्टातली सगळी शिल्लक वेन-रेईची. दुकान, गाडा आणि मासा कुटायचं यंत्र यी-चेनचं. यंत्राला डावीकडून चापट मारल्याशिवाय ते सुरू होत नाही. विकू नये, नवीन यंत्रात गोळा रबरासारखा होतो. हिरव्या दगडाची बांगडी फेई-शानला. माझं आणि तिचं कधी जमलं नाही, पण मी पहिल्यांदा दवाखान्यात पडले तेव्हा माझे केस तिने धुतले. वाफवायचं मोठं भांडं शेजारच्या यू सू-लानकडे आहे. वादळात चूल बंद पडली म्हणून नेलं होतं. ती वादळं किती आली आणि गेली. भांडं परत आणून यी-चेनला द्यावं.

कलम तीन. राहतं घर यी-चेनचं. यावर वेन-रेई माझ्याशी भांडून झालेला आहे, तरी ते इथे लिहिते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की आईला सांगितलंच नाही.

तो म्हणाला, "आई, घर मुलाकडे जातं. लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणावं, आईलाच जाऊन विचारा."

"आणि उद्या यी-चेनचं लग्न झालं की घर परक्याचं!"

मी विचारलं, "नाही झालं तर?"

 काय होतं ते त्यालाही माहीत आहे. मुलीची जागा नवऱ्याच्या घरच्या देव्हाऱ्यात. बापाच्या देव्हाऱ्यात तिच्या नावाची पाटी बसत नाही. लग्नाआधी जी मेली तिची पाटी डोंगरावरच्या देवळात जाते, मागच्या भिंतीला, तसल्याच पोरींच्या रांगेत. तिथे ओल असते. आ-छिनला तिथेच नेऊन ठेवली होती. माझी दुसरी मुलगी मी तिथे जाऊ देणार नाही. तिचं स्वतःचं घर असलं तर तिला कोण हाकलणार?

कलम चार. पूर्वजांचा देव्हारा वेन-रेईचा, मुलगा म्हणून. त्याने तो फ्लॅटवर न्यावा. त्यात त्याचे बाबा आहेत, आजी आहे, आणि ज्यांचे चेहरे कोणी बघितलेले नाहीत असे को घराण्यातले बरेच जण आहेत. उदबत्ती सकाळ-संध्याकाळ. आजीला गोड लागतं, ती तिथेही कुरकुर करेल.

या देव्हाऱ्यापुढेच सासूबाईंनी कौल लावला होता. आ-छिनला जाऊन महिना झाला नव्हता. मी म्हटलं, "आई, ती सहा वर्षांची आहे. तिला एकटीला झोपायची सवय नाही. घरात राहू दे."

सासूबाई म्हणाल्या, "मी कोण ठरवणारी? ज्यांचं घर आहे त्यांना विचारते." आणि लाकडाचे दोन कोयरीसारखे तुकडे हातात घेऊन मोठ्याने म्हणाल्या, "परक्या घरी जायची पोर इथे ठेवून तुम्हाला पिढ्यान्‌पिढ्या ताप द्यायचा का?"

असं विचारल्यावर कुठला पूर्वज हो म्हणेल? दोन्ही तुकडे फुगीर बाजू वर करून पडले. म्हणजे नाही. परत टाकले, परत नाही. माझा नवरा टीव्ही बघत होता. टीव्ही बंद होता.

कलम पाच. स्वयंपाकघरातली तांदळाच्या पिंपावरची फळी, तिच्यावरची चिनी मातीची वाटी, वाटीतली राख आणि कौलाचे छोटे तुकडे, हे कोणालाही देत नाही. ते आ-छिनचं आहे.

डोंगरावरच्या तिच्या उदबत्तीची चिमूटभर राख मी मिरपुडीच्या डबीत घालून घरी आणली. देवळाची राखण करणारे च्येनकाका बघत होते. म्हणाले, "मेई-चू, मिरपूड सांडली वाटतं तुझी, भरून घे." त्या दिवसापासून ती घरात आहे. सकाळी मी तिला पेज आणि सुक्या मुळ्याचं अंड्याचं धिरडं वाढते, उदबत्ती लावते. ती अर्धी जळली की कौल टाकून विचारते, "झालं का जेवण?" एका तुकड्याची सपाट आणि एकाची फुगीर बाजू वर आली की झालं. देव्हाऱ्यातली मंडळी एका फटक्यात आटपतात. आ-छिनचं कधीच झालेलं नसतं. जिवंत होती तेव्हाही पेजेच्या वाटीशी शाळेची घंटा होईपर्यंत खेळत बसायची. मी म्हणते, "गिळ पटकन, दुकान उघडायचंय!" दोन्ही तुकडे सपाट बाजू वर करून पडतात. म्हणजे ती हसतेय.

सासूबाईंना हे कळलं तेव्हा आ-छिन असती तर विशीची असती. त्यांना स्वप्न पडलं की तिला नवरा हवाय. लाल पाकिटात तिचे केस आणि नखं घालून रस्त्यावर ठेवा, उचलेल तो जावई, असं म्हणायला लागल्या. मी म्हटलं, "आई, पोर अजून पेज संपवत नाही आणि तुम्ही तिचं लग्न काढता?" ती वाढलेली नाही. स्टुलावरून मला कळतं. मोरीशी हात धुवायचं बुटकं स्टूल मी भिंतीला लावते आणि वळले की ते मोरीखाली असतं, वरून ओलं. विशीच्या मुलीला स्टूल कशाला लागेल?

माझा नवरा याबद्दल माझ्याशी एक शब्द बोलला नाही. पण दर नव्या वर्षाला एक संत्रं फळीवर ठेवून म्हणायचा, "हे उरलंय." मोजून आणलेल्यातलं कसं उरायचं कोण जाणे.

यी-चेन ताईबरोबरच वाढली. लहानपणी फळीकडे बघून तिच्याशी भांडायची, खाऊ अर्धा ठेवायची. ती सात वर्षांची झाली त्या दिवशी तिने विचारलं, "आई, आता मी ताई की ती ताई?"  मी म्हटलं, "आधी ताटातलं संपव." त्यानंतर तिने अर्धा खाऊ ठेवणं सोडलं, पाऊण ठेवायला लागली. धाकट्यांना जास्त द्यायचं असतं, असं म्हणाली.

कलम सहा. खिडकीला टेकू लावलेली बांबूची काठी. आईबापांआधी मेलं म्हणजे मुलाने कर्तव्य चुकवलं, म्हणून शवपेटी उचलायच्या आधी तिच्यावर काठीने मारायची रीत आहे. सासूबाईंनी काठी माझ्या हातात दिली. सगळे वाट बघत उभे होते. पेटी इतकी आखूड होती की दोघांनीच उचलायची होती. मी काठी घेऊन घरी निघून आले आणि खिडकीला लावली. माझ्याबरोबर ती काठी जाळावी. या घरात ती पुन्हा कोणाच्या हातात येऊ नये.

कलम सात. माझी पाटी. मी को घराण्याची सून, मुलगा जन्माला घातला, माझी जागा देव्हाऱ्यात नवऱ्याशेजारी पक्की आहे. ती मला नको.

वेन-रेईने विचारलं, "मग बाबांच्या शेजारी कोण?"

"तुझी आजी आहे की. आयुष्यभर आमच्या दोघांच्या मधेच बसली."

"आई, थट्टा नको. स्वयंपाकघरात बसलीस तर पूर्वजांत तुझी गणती होणार नाही. तू नुसतं भूत होशील."

मी म्हटलं, "तिला बसवलंत ना भुतांत? मग मीपण तिथेच."

तर माझं नाव पाटीवर न लिहिता माझी राख त्याच वाटीत घालावी. नवऱ्याला यायचं असेल तर स्वयंपाकघराची वाट त्याला माहीत आहे. येताना संत्रं आणावं.

कलम आठ. यी-चेनसाठी. बाळा, मी असेपर्यंत तिला मीच वाढीन. नंतर तू. पेज पातळ, धिरडं कडेने कुरकुरीत. कौल टाक आणि ती नाही म्हणाली तर वाटी उचलू नकोस. दुकान उशिरा उघडू दे, गिऱ्हाईक शिव्या देईल, देऊ दे. पूर्वी स्टूल मोरीजवळ सापडायचं. माझा खोकला वाढल्यापासून माझ्या खुर्चीशेजारी सापडतं. परवा मी कौल टाकून विचारलं, "मला न्यायला बसलीस का गं?" दोन्ही सपाट पडले. मी गेल्यावर स्टूल कुठे सापडतं ते बघ. फळीखाली असलं तर आम्ही दोघी जेवतोय. तुझ्या खुर्चीशेजारी आलं तर घाबरू नकोस. धाकटी बहीण आहे तुझी.

खोडाखोडीची नोंद. कचेरीतल्या माणसाने सांगितलं की हाताने लिहिलेल्या मृत्युपत्रात काही खोडलं तर कुठे आणि काय ते लिहून वेगळी सही करायची, नाहीतर चालत नाही. म्हणून लिहिते. कलम एकमध्ये मी आधी "दोन मुलं" लिहिलं होतं. कचेरीतून आणलेल्या घरातल्या माणसांच्या दाखल्यावर मुलं दोनच आहेत, बघून उतरवलं. लिहिलं आणि मागे फरशीवर स्टूल ओढल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं नाही. "दोन" हा एक शब्द खोडून "तीन" केला आहे.
सही: लाय मेई-चू

हे सगळं मी लिहिलं, वाचलं, आणि याहून वेगळं मला काही म्हणायचं नाही.
सही: लाय मेई-चू

हाताच्या लिखाणाला साक्षीदार लागत नाहीत म्हणे, पण मला हवेत.

साक्षीदार: यू सू-लान, शेजारीण. (भांडं आज परत दिलं. यू.)
साक्षीदार: च्येन थिएन-फा, डोंगरावरच्या देवळाचा राखणदार. (मिरपुडीचं मला ठाऊक आहे.)

ठिकाण: जिलुंग, स्वयंपाकघर
मिन्गुओ वर्ष ११३, म्हणजे सन २०२४, नोव्हेंबरची नऊ तारीख, सकाळ. उदबत्ती केव्हाच विझली आहे. आ-छिन अजून जेवतेय.