साहेबांच्या घरून परत आणलेला वड

अहो,

आपल्या श्रेयाच्या जन्मावेळी लावलेला माझा वडाचा बोन्साय तुम्ही काल परस्पर तुमच्या साहेबांना वास्तुशांतीची भेट म्हणून देऊन टाकलात. आज सकाळी मी उस्मानपुऱ्यात त्यांच्या घरी जाऊन तो परत आणला. त्यांच्या बायकोला सगळं खरं सांगितलं. "मला वाटलं, विकतचा असेल," म्हणाल्या, आणि स्वतः कुंडी रिक्षापर्यंत आणून दिली.

आता तो घेऊन मी आमच्या बोन्सायवाल्या बायकांच्या प्रदर्शनाला चाललेय. तिथं पाटीवर माझं नाव असेल. भेंडी चिरून ठेवलीय, फोडणी तुम्ही घाला. साहेबांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा, मी माफी मागणार नाही. वाटलं तर प्रदर्शन बघायला या, पण कुंडीला हात लावायचा नाही.

सुलक्षणा