हत्ती बघायला आलेली पोरं

१ जुलै, सोमवार
उद्या पोरं येणार. हॉलंडची. तिकडे कॉलेजला सुट्टी लागली की ती आमच्याकडे केनियात समाजसेवेला येतात. सकाळी गावाची सेवा, दुपारी जंगलात सफारी. ‘सेवेने गाव बदलतं आणि सफारीने माणूस’ हे वाक्य माझं. भाषणात घालायचं.

या सीझनचे संकल्प: पहाटे उठणे. आवाज न चढवणे. सिंहाने मला ओळख दाखवल्याची गोष्ट न सांगणे (मागच्या बॅचमधल्या एकाने फारच खोलात जाऊन प्रश्न विचारले).

दारावर पाटी लावली: म्वादिमे, कॅम्प डायरेक्टर. बायको म्हणाली, “बाबा म्कावासी, तेवढ्या वेळात लाकडं फोडून झाली असती.” मुलगी म्कावासी, म्हणून मी गावभर बाबा म्कावासी. डायरेक्टर म्हणायला लोकांची जीभ अजून वळत नाही. वळेल.

२ जुलै, मंगळवार
पहाटे उठलो नाही. पाहुणे दुपारच्या गाडीने येणार असताना पहाटे उठणं म्हणजे नुसता देखावा.

वोई स्टेशनवरून सगळ्यांना व्हॅनमधून आणलं. भाषण उत्तम झालं. दोघे झोपले, पण प्रवासाचा शीण असतो. फेम्के नावाची उंच मुलगी त्यांची पुढारी दिसते. तिने विचारलं, गावाला नक्की कशाची गरज आहे? मी छातीवर हात ठेवून म्हटलं, “तुमची!” तिने वही मिटून पिशवीत टाकली. भारावली असावी.

वाकेशोने (बायको) उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) आणि घेवडा केला होता. पोरांनी दोनदा वाढून घेतलं. माझं भाषण ऐकून भूक लागतेच.

३ जुलै, बुधवार
सेवा सुरू. शाळेला रंग देणे.

हेडमास्तरीण म्घोईबाई आडव्या आल्या. म्हणाल्या, “डायरेक्टरसाहेब, पाया पडते, या वेळी रंग नको.” प्रत्येक बॅच येते आणि भिंत रंगवून जाते. रंगाचे थर इतके चढलेत की वर्गाची खिडकी मिटत नाही. मी म्हटलं, हवा खेळती राहते. त्या म्हणाल्या, हवा खेळते, पोरी मात्र पाण्याला जातात. हत्ती शाळेच्या टाकीचा नळ उपटून पाणी पितात, मग मोठ्या पोरी पहिल्या तासाला हंडे घेऊन नदीच्या पात्रात. “टाकीचं काहीतरी करा, भिंत कुठे पळून चाललीय?”

शांतपणे समजावलं, की टाकीसमोर फोटो चांगला येत नाही. निळ्या भिंतीसमोर येतो. मागची पिवळी होती.

आवाज थोडा चढला. पण तो अधिकाराचा होता, रागाचा नव्हता.

५ जुलै, शुक्रवार
सफारी. गाईड मी स्वतः. बाकीचे ड्रायव्हर रेडिओवर एकमेकांना सांगत असतात, सिंह अमक्या झाडाखाली आहे, चित्ता तमक्या वळणावर. ही कॉपी झाली. मी रेडिओ बंद ठेवतो. जंगल अंतःप्रेरणेने वाचायचं असतं.

दिसलेले प्राणी: एक रानडुक्कर (मागून). एक बिबट्या.

बिबट्याबाबत मतभेद आहेत. मी सगळ्यांना गप्प बसवलं, गाडी बंद केली, बराच वेळ श्वास रोखून बसलो. मग एकाने कॅमेऱ्यातून जवळून पाहिलं, आणि ते खोड निघालं. मी म्हटलं, आपण खोड बघतोय हे ओळखून बिबट्या केव्हाच निसटला. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

परतताना समोरून दुसरी गाडी आली. त्यातले लोक सिंहाचं सबंध कुटुंब बघून आले होते. नशीब असतं काहींचं. अभ्यास नसतो.

६ जुलै, शनिवार
फेम्के सकाळीच वाकेशोबरोबर शेतावर गेली आणि मागोमाग सगळी बॅच. वाकेशो आणि गावच्या बायका शेताभोवती तारेवर मधाच्या पेट्या टांगतात. हत्तीचा धक्का तारेला लागला की माश्या उठतात आणि हत्ती पळतो म्हणे. पोरांना त्याचं भलतंच कौतुक. म्हणे, हीच तार शाळेच्या टाकीभोवती फिरवू या.

मी विमा, नियम वगैरे मुद्दे काढले आणि विचारांती परवानगी दिली. तोवर ती खड्डे खणायला लागली होती.

माश्या बघायला युरोपातून कोण येतं? वाकेशोला तसं म्हटलं. ती म्हणाली, “आणि खोड बघायला?”

हिला कोणी सांगितलं?

८ जुलै, सोमवार
टाकीजवळ काम जोरात. खांब उभे राहिले. शेताच्या बाजूच्या पेट्या, शेतावरून माश्यांसकट आणलेल्या, टांगून झाल्या. मी व्हॅनमध्ये बसून देखरेख केली. सफारीसाठी उचलता येणारं छप्पर वर करून ठेवलं होतं, वाऱ्यासाठी.

नंतरचा मजकूर डाव्या डोळ्याने लिहीत आहे. उजवा बंद आहे.

९ जुलै, मंगळवार
कालची हकीकत नीट नोंदवून ठेवतो, कारण गावात भलतीच चाललीय.

दुपारी झुडपांतून हत्ती आला. एकटा, मोठा, लाल मातीने माखलेला. सरळ टाकीकडे. म्घोईबाईंनी शाळेची मुलं आत घेतली, दार लावलं. बरीचशी पाहुणी पोरंही आत गेली. फेम्के आणि आणखी दोघे लांब होते, ते व्हॅनकडे धावले. मी प्रसंगावधान राखून दारं आतून बंद केली होती. ती ठोठावत होती हे खरं. कुलूप उघडायचं बटण मला सापडत नव्हतं हेही खरं. रोजची व्हॅन असली तरी रोज हत्ती नसतो.

मग मी हॉर्न दाबला. हत्तीला घाबरवायला. हत्तीने कान फेंदारले आणि वळला. व्हॅनकडे. तिघं पोरं मध्ये.

वाकेशो पलीकडून ओरडली, “हॉर्न सोडा! अहो, हात काढा त्यावरचा!” तो निघत नव्हता. मग ती तारेकडे धावली आणि दोन्ही हातांनी तार हलवत सुटली, पेट्या नुसत्या नाचवल्या. डोक्यावर कापडसुद्धा नव्हतं. माश्या उठल्या. हत्तीने मान झटकली, सोंड आत घेतली, आणि एवढं मोठं जनावर शेपूट वर करून पळालं. हे मी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा दोन होते.

उरलेल्या माश्या छपरातून आत आल्या. दारं बंदच होती.

पोरांना ओरखडासुद्धा नाही. वाकेशोच्या हातांवर बरेच डंख आहेत. मलम लावून देऊ का विचारलं. म्हणाली, “आधी तुमच्या नाकाला लावा, दिसत नाहीये ते.” नंतर ती सुजलेल्या हातांनी चूल पेटवायला बसली. मी जवळ जाऊन बसलो. लाकडं मी पुढे सारली.

निष्कर्ष: कोणीतरी व्हॅन सांभाळणं गरजेचं होतं.

११ जुलै, गुरुवार
कॅम्प चालवणाऱ्या नैरोबी ऑफिसच्या न्यांबुरा मॅडम आल्या. फेम्केने फोन केला होता. माझ्या शौर्याबद्दल, असा अंदाज होता.

मॅडमनी मला ओळखलंच नाही. चेहऱ्यावर सूज. “डायरेक्टर कुठे आहेत?” म्हणून मलाच विचारलं. ओठ हलत नव्हते, म्हणून मी घराकडे बोट केलं, बसा अशा अर्थाने. दारात वाकेशो उभी होती. मॅडम सरळ तिच्याकडे गेल्या. आत चहा झाला, पोरं आत, म्घोईबाई आत, हसण्याचे आवाज. गैरसमज सूज उतरल्यावर दूर करीन.

१२ जुलै, शुक्रवार
सूज उतरली. गैरसमज नव्हता. कॅम्प आजपासून वाकेशो बघणार.

मॅडम अत्यंत सौजन्याने वागल्या. मी म्हटलं, मलाही पूर्ण वेळ लेखनाकडे वळायचं होतंच.

१४ जुलै, रविवार
टाकीभोवतीची तार पुरी झाली. शाळेत नळाला पाणी आहे. म्घोईबाईंनी मोठ्या पोरींना रविवारी मुद्दाम बोलावून नळ सोडायला लावला. एकमेकींच्या अंगावर उडवत बसल्या. एवढं पाणी वाया गेलं, कोणाला काही नाही.

दुपारी सगळे सफारीला गेले. ऑफिसने दुसरा ड्रायव्हर पाठवलाय. तो रेडिओ लावतो. वाकेशोलाही पोरांनी ओढून नेलं. जन्म इथे गेला, पण ती पार्कच्या फाटकातून कधी आत गेली नव्हती. मी कधी विचारलं नव्हतं.

परत आल्यावर फेम्केने सांगितलं, पाणवठ्यावर हत्तींचा अख्खा कळप होता, पिल्लांसकट. वाकेशो गाडीत उभी राहून बघत राहिली. किती तरी वेळ. मग म्हणाली, “माझा मका खात नसले की किती छान दिसतात गं.”

मला तिने हे सांगितलं नाही. मी विचारलं, काही दिसलं का? ती म्हणाली, हो.

१७ जुलै, बुधवार
पोरं उद्या निघणार. पुढची बॅच रविवारी. माझं काम काय, असं मी वाकेशोला आज स्पष्टच विचारलं. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, “तुम्ही सल्लागार.”

मनात आलं, हेच पद खरं तर मोठं. डायरेक्टर काय, कोणीही होतो.

संध्याकाळी सल्लागार म्हणून पहिली विचारणा झाली. अंगणातून वाकेशोचा आवाज आला: चुलीवरचं चहाचं पाणी उकळलं का?

जाऊन पाहिलं. सर्व बाजूंनी विचार करून सांगितलं, अजून नाही.