टोस्ट कडकच हवा

१६ फेब्रुवारी, सोमवार

पोहे नाहीत म्हणे! येत्या रविवारी मुलगी बघायला पाहुणे येणार आणि आमच्या घरात पोहे होणार नाहीत. खुशबू संध्याकाळी भंडाऱ्याहून कामावरून आली ती चीजचं पाकीट आणि पाव घेऊनच. "चीज-टमाटरचा टोस्ट करू, आई. सोपा हाये. दहा मिनटाचं काम." मी म्हटलं, "पाहुण्यायले पाव देतेत काय वं? बिमार हायेत काय ते?" हसली नाही. हल्ली ती माझ्या कुठल्याच बोलण्याला हसत नाही.

स्थळ लिलाधर भाऊजींनी आणलंय, माझे धाकटे दीर. मुलगा टेकचंद, साकोलीकडे एकोडीचा, तांदळाच्या मिलमध्ये सुपरवायझर. भाऊजींनी दोनदा सांगितलं— "वहिनी, पोरगा सुपारीचं खांडही नाही खात!" आमच्या घरी हे दोनदा सांगावंच लागतं. ह्यांना जाऊन तीन वर्षं होतील. तोंडाचा कॅन्सर. सुपारी, तंबाखू, चुना घोटलेला तो खर्रा— सकाळी डोळे उघडायच्या आधी हात पुडीकडे जायचा. खुशबूची लग्नासाठी एकच अट आहे, खर्रा खाणारा नको. माझीही तीच. बाकी काळा-गोरा, उंच-बुटका, काहीही चालेल.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

पहिला टोस्ट जळला. खालून कोळसा, वरून चीज तसंच कच्चं! मग युक्ती समजली— तवा मंद, वर झाकण, चार मिनिटं हात लावायचा नाही. टमाटरच्या बिया काढायच्या, नाहीतर पाव रडतो. बारीक मिरची, सांबाराची म्हणजे कोथिंबिरीची पानं, चिमूटभर मीठ.

दुसरा मला दिला आणि समोर पाटावर बसून बघत राहिली. "कडक झाला काय?" मी चहात बुडवून खाल्ला, मिरच्या वेचून. तर रागावली— "चहात कायले बुडवते? कडक झाला का नाही, कसं कळन?" अगं, मला काय बघायला येणार आहेत! मिरची झोंबते हल्ली. वय झालं की जीभही नखरे करते.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज पुन्हा टोस्ट! म्हणे मिठाचा अंदाज घ्यायचाय. पुन्हा समोर बसली. मी दुपारी माझ्या अंगणवाडीत मुलांची खिचडी चाखली होती, भूकच नव्हती. अर्धा खाल्ला, अर्धा तिची पाठ वळल्यावर मांजरीला.

मी सुपारी कातरायला बसले की ती अडकित्त्याकडे अशी बघते की जणू हातात सापच आहे. नुसती सुपारी आहे, बाई. हे गेल्यावर रिकाम्या घरात एवढाच चाळा उरला मला. तंबाखूला मी मरेपर्यंत हात लावणार नाही, हे तिला माहीत आहे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

टोस्टचा तिसरा दिवस. एवढी तयारी तर तिने बारावीलाही केली नव्हती. शेवटी मीच विचारलं, काहून वं, पोह्यांनी काय घोडं मारलं तुझं? तर म्हणाली, "पोहे कोणीही खाते, आई. बाबाही भाकर सुटल्यावर पोहे खातच होते."

ते खरं आहे. लिहायला नको वाटतं, पण लिहिते. आधी भाकर गेली, म्हणाले दाढ दुखते. मग मी पोळी दुधात कुस्करून द्यायला लागले. मग खिचडी, मग नुसती पेज. दोन वर्षं! तोंड कणाकणाने मिटत होतं आणि मी कौतुकाने मऊ मऊ करून घालत होते. शेजारणी म्हणायच्या, कामिनीसारखी बायको मिळायला भाग्य लागते. नागपूरला डॉक्टरांनी ह्यांना सांगितलं, तीन बोटं उभी धरून तोंडात घाला. एकच गेलं. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, एवढे दिवस तुमच्या लक्षात नाही आलं?"

आलं नाही. मी त्यांना मरणाकडे ढकलत गेले आणि त्याला माया समजत राहिले.

२२ फेब्रुवारी, रविवार

आले आणि गेले. टेकचंद, त्याची आई जमुनाबाई आणि लिलाधर भाऊजी.

मुलगा मला आवडला, हे आधी लिहून ठेवते. खुशबूला विचारलं, "लग्नानंतर काम सोडाचं नाही ना तुमाले? सोडू नोका." इतकं सरळ आजवर कुणी विचारलं नव्हतं. आवाज मऊ. हसला की ओठ मिटूनच हसायचा. मला वाटलं, लाजतो.

मग टोस्ट आले. सोनेरी, कडक, चीज नुसतं वितळलेलं— मला स्वतःला कौतुक वाटलं. भाऊजींनी दोन घासांत एक संपवला. जमुनाबाई म्हणाल्या, "नवीनच हाये बापा, पण चांगलं लागते." टेकचंदने हातात घेतला. इकडून बघितला, तिकडून बघितला. अंगठ्याने दाबून चपटा केला. मग नखाएवढा तुकडा तोडून ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवला. मग दुसरा. चीजची तार लोंबली तेव्हा बोटाने आत ढकलली. मिरचीने डोळ्यांत पाणी आलं. जमुनाबाई म्हणाल्या, "त्याले सवय नाही अशा खाण्याची. चहात बुडव ना रे!"

त्याने चहात बुडवला.

माझ्या हातातला ट्रे तिथेच थांबला. मी तो माणूस बघितलाय. मी त्या माणसासोबत चोवीस वर्षं जेवलेय. खुशबूकडे बघितलं तर ती माझ्याकडेच बघत होती, त्याच्याकडे नाही.

माझ्या वाट्याचा टोस्ट मीही कसाबसा संपवला.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळीच भाऊजींचा फोन. पसंती! साखरपुडा होळीनंतर. मी म्हटलं, थांबा. म्हटलं, भाऊजी, त्या मुलाला तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगा.

"काय बोलून राहिल्या, वहिनी?"

मी पुन्हा सांगितलं. मग जो भडका उडाला! "टोस्ट नीट नाही खाल्ला मनून पोरगा नापसंत? लोक तोंडात शेण घालतीन माह्या! तीन स्थळं मोडली तुमच्या पोरीनं, आता हेही मोडा. बापाविना पोरगी, कोण येईन मग?" शेवटी म्हणाले, "दादाच्या मरणाचा राग तुमी दुसऱ्याच्या पोरावर काढून राहिल्या."

फोन ठेवला. असेलही राग. पण मी त्यांना पेज भरवली आहे आणि माझ्या पोरीने कुणाला पेज भरवू नये. एवढंच मला कळतं. खुशबूला सगळं सांगितलं. रडली नाही, खूश पण झाली नाही. "तुले त्याचं बरोबर दिसलं, आई," एवढंच म्हणाली.

२५ फेब्रुवारी, बुधवार

त्याचा फोन आला. टेकचंदचा, स्वतःचा! अंगणवाडीत होते, मुलांचा गलका, मी बाहेर जांभळीखाली गेले.

"काकू, लिलाधर काकायनं सांगतलं मले. दीड बोट जाते. तुमाले कसं समजलं?"

मी म्हटलं, "माह्या घरी झालं हे, बापू."

म्हणाला, कॉलेजपासून खर्रा खात होता. दोन वर्षं झाली सोडून, तंबाखूचा कण नाही. "आता नुसती सुपारी खातो, काकू. साधी. तरी तोंड बंदच होऊन राहिलं. डॉक्टर मनते, सुपारीनंच होते हे." भाऊजी खोटं बोलले नव्हते, सुपारीचं खांडही खात नाही असं मुलानेच त्यांना सांगितलं होतं. "आईले नोका सांगू, काकू. मी जातो नागपूरले. खरंच जातो."

मी त्याला म्हटलं, आज जा, उद्या म्हणू नको. आईपासून लपवू नको, ती तुला मऊ करून घालत बसेल. तो हो म्हणाला. आवाज रडका झाला होता. माझाही. इतका चांगला मुलगा! देवाला दुसरं कोणी सापडत नाही का?

नुसती सुपारी, म्हणाला.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सुपारी कातरली. तशीच डबीत ठेवली. मग खाल्ली.

१ मार्च, रविवार

खुशबूने आज सकाळी पुन्हा टोस्ट केला. एकच. मी म्हटलं, आता कोणते पाहुणे? चहाचा कप तिने आधीच उचलून ओट्यावर ठेवला होता.

"पाहुण्यायसाठी मी एकही दिवस नाही केला, आई. दिवाळीपासून तू पोळी दुधात कुस्करून खाऊन राहिली. कितीदा विचारलं, तू मनते दाढ दुखते. मी तुलेच पाहून राहिली होती. खा आता. माह्यासमोर."

आधी आरशापुढे गेले. तीन बोटं उभी धरली.

दोनच गेली.