मोरसचा नातू

१४ सप्टेंबर १९४८, कराड

उतरलो एकदाचा. मॉरिशसचं पोर्ट लुई बंदर सोडून छत्तीस दिवस झाले.

दोन्ही बाजूंना ऊस. आमच्याकडचाच ऊस, फक्त मधे काळ्या दगडांचे ढीग नाहीत. आणि समुद्र नाही. कुठल्याही दिशेला दिवसभर चाला, समुद्र लागत नाही — छाती दडपते. संगमावर गेलो. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात! आमच्या बेटावरच्या सगळ्या नद्या एकत्र केल्या तरी एवढं पाणी व्हायचं नाही. तासभर नुसता उभा होतो.

१६ सप्टेंबर

आजोबांचं गाव सापडलं. "इथून गेलेले गुंडा, ते माझे आजोबा," म्हटलं तर पारावरची माणसं उठून उभी राहिली. नाथाजीकाका — आजोबांच्या भावाचा मुलगा — जवळ येऊन माझं तोंड निरखत राहिले.

"गुंडातात्या मुंबईला गेला तो गेलाच. बारा वर्सं वाट बघितली, मग गवताचा पुतळा करून जाळला. आन् तू कुठला रं?"

"मॉरिशसचा. तुम्ही मोरस म्हणता."

"मोरस म्हंजी साखर न्हवं का? आमी मोरस साखर खाल्ली, पर मोरसचा माणूस पयल्यांदाच बघतोय."

आजोबा जिवंत आहेत, असं सांगणार होतो. तेवढ्यात काकांनी एका म्हातारीला पुढं आणलं. "ही राहीबाई. तात्याची लेक. त्यो गेला तवा पोटात हुती."

आजोबांनी इकडं बायको होती हेसुद्धा कधी सांगितलं नव्हतं. आजोबा बेटावर लग्न करून संसाराला लागले, हे तेवढं सांगितलं. बाकी गिळलं.

१९ सप्टेंबर

दुपारी देवळात सगळे जमले — बेटाचं सांग म्हणून.

सांगितलं. तीनेकशे वर्षांपूर्वी तिथं कायमचं राहणारं एकही माणूस नव्हतं. एक मोठा पक्षी होता, उडता न येणारा. माणूस कधी पाहिलाच नव्हता, म्हणून भ्यायचा नाही. गलबतं आली आणि शंभर वर्षांच्या आत तो संपला. मग आफ्रिकेतून गुलाम आणले. पळालेले गुलाम समुद्राकाठच्या मोर्न डोंगरावर लपायचे. तिकडं सांगतात, एकदा शिपाई वर चढताना दिसले, तेव्हा परत साखळीत नको म्हणून त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या.

"आन् शिपाई कशापायी आलते?" राहीआत्यांनी विचारलं.

"गुलामगिरी उठली, तुम्ही सुटलात, असं सांगायला."

त्यांच्या जागी मग आपली माणसं आली, हेही सांगितलं. पाच वर्षांचं कंत्राट, नावाऐवजी नंबर. त्यांनी आठवून आठवून गणपती घडवला, ढोलकीवर फेर धरला. गुलामांच्या नातवंडांनी आमच्याकडून डाळ घेतली, आम्ही त्यांची बोली घेतली.

चोवीस वर्षं त्या बेटावर काढली, पण ते एवढं मोठं आहे हे आज कळलं — इथं, जमिनीवर बसून.

२२ सप्टेंबर

पितृपक्ष. आज काकांनी आजोबांचं पान वाढलं. मला नातू म्हणून पुढं बसवलं. पान कौलांवर ठेवलं, कावळा लगेच शिवला. सगळ्यांना समाधान वाटलं. "तृप्त झाला तात्या," काका म्हणाले.

आजोबा या वेळी ओसरीत बसून चहा पीत असतील.

२४ सप्टेंबर

सांगितलं. आत्या शेंगा फोडत होत्या.

"आत्या, आजोबा जिवंत आहेत."

हात थांबला. शेंग खाली ठेवली. मग —

"वय किती?"

"ब्याण्णव."

"चालतो?"

"काठीनं."

"कंत्राट पाच वर्सांचं हुतं म्हनलास. मग माघारी का आला न्हाई?"

"माहीत नाही."

"माझी आई सदतीस वर्सं मोकळ्या कपाळानं हिंडली. सनावाराला तिला कुनी पुढं येऊ दिलं न्हाई." त्यांनी पुन्हा शेंग उचलली. फोडली नाही. "सवाष्ण हुती रं माझी माय."

२५ सप्टेंबर

आत्या आज जेवल्या नाहीत.

२७ सप्टेंबर

आज अविधवा नवमी. सवाष्ण गेलेल्या बायकांचं पान आज वाढतात. सकाळीच आत्यांनी आपल्या आईसाठी अंगण सारवलं, शेजारच्या मनुबाईंना सवाष्ण म्हणून जेवायला सांगितलं.

काका गडबडले. "आगं, काकी सवाष्ण कवा गेली? गाव काय म्हनंल?"

"गावाला सांग, माझा बाप जिता हाय."

हिरवी चोळी, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू — सगळं पानाशेजारी मांडलं. आधी दारात दोन बायका दिसल्या, मग सात-आठ, मग अंगण भरलं. म्हाताऱ्या एकेक करून पुढं आल्या आणि पानाशेजारी कुंकू वाहून गेल्या. कुणी बोलावलं नव्हतं. मोर्नचा कडा लहानपणी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा अंगावर असा काटा आला होता. त्यानंतर आजच.

३ ऑक्टोबर

आत्यांनी लुगडी बांधली. माझ्याबरोबर येणार म्हणतात. वय बहात्तर, समुद्र कधी पाहिलेला नाही. "आजोबांना भेटायला?" मी विचारलं.

"त्याला न्हवं. ज्या बेटानं त्याला माघारी सोडलं न्हाई, त्ये बेट मला बघायचंय."