घरच्यांना कसला दाखला

३ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या शाळेला चाळीस वर्षं झाली, इतिहास लिही आणि तूच छाप, म्हणालीस. छापखान्याची कामं बाजूला सारून बसलो, तर तिसरा खर्डाही लाल शाईने माखून परत! ‘बिचारी मुलं’ खोडलंस ते बरंच केलंस. पण ‘ताईंचा त्याग’ही खोडलास. आता इतिहासात उरलं काय, तर जिन्याखालची खोली आणि गळका नळ.

शिवाय एक घोळ आहे. पहिल्या वर्षीच्या फोटोत मुलं आठ, पटावर मात्र सातच. आठवी, दोन वेण्यांची, आपली धाकटी. पुढचे सगळे पट चाळले. तिचं नाव एकाही वर्षी नाही. हा घोळ कारकुनाचा की तुझा?

वैतागलोय, तरी लोभ असू दे.
तुझा भाऊ

९ जुलै

चि. बंधुराजांस,
अनेक आशीर्वाद.

घोळ कसला? ती घरची. घरच्या माणसाचं नाव कुणी पटावर घालतं का? तिला नवव्या वर्षी गावातल्या मोठ्या शाळेने ‘मतिमंद आहे, इथे चालणार नाही’ म्हणून घरी पाठवलं, म्हणून तर मी अशा मुलांसाठी ही शाळा काढली. ती नसती तर शाळाच नसती. पण ते छापू नकोस. पालक म्हणतील, बाईंनी बहिणीसाठी दुकान थाटलं.

तू एकोणिसाव्या वर्षी छापखान्यात नोकरी धरून गेलास तो गेलास. दूर बसून शहाणपण शिकवायला काय जातंय? इथे दोन शिक्षिका रजेवर आहेत, स्वच्छतागृहाचं दार निखळलंय, आणि हे साहेब मला पट मोजून दाखवतायत. ‘सात मुलांनी सुरुवात’ असंच छाप.

जेवणाच्या वेळा सांभाळ. माया आहे, ती रागातूनच ओळख.
ताई

१५ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सात छापणार नाही. हवं तर दुसरा छापखाना बघ.

काल धाकटीचा फोन आला होता. मी कागद छापतो हे तिला पक्कं ठाऊक. म्हणाली, दादा, मला एक प्रगतिपुस्तक छापून दे. दरवर्षी सगळ्यांना मिळतं, मोठी झालेली मुलं दाखला घेऊन जातात, मलाच काही मिळत नाही. ताईला विचारलं तर ती हसते, म्हणाली. ताई, एकोणपन्नास वर्षांची बाई ती, आणि तू हसतेस? मी तर फोनवर नुसताच हं हं करत बसलो, माझीही मला लाज वाटली.

सोबत एक कोरं पुस्तक पाठवतोय. आधी तिला पटावर घे, मग ते भर. त्याशिवाय इतिहासाला हात लावणार नाही.

रागावलीस तरी पत्र बंद करू नकोस.
तुझा भाऊ

२४ जुलै

चि. भावास,
अनेक आशीर्वाद.

चार दिवस तुझ्यावर चरफडले. पाचव्या दिवशी तिचं नाव पटावर घातलं आणि पुस्तक भरायला बसले. वाचन, हिशेब, स्वतःची कामं, हे भरभर झालं. ‘आवडीनिवडी’पाशी मात्र पेन अडलं. शाळेतल्या प्रत्येक मुलाचं मी तोंडपाठ सांगेन. हिचं काही सुचेना. चाळीस वर्षं ती नव्या मुलांना गुंड्या लावायला शिकवते, ते तिला आवडतं की नाही, मला माहीत नाही रे.

शेवटी तिलाच विचारलं. ती म्हणाली, ते राहू दे, मी पास झाले का, ते सांग. मी म्हटलं, पास. तिने पुस्तक दोनदा उघडून पाहिलं, माझी सही बोटाने चाचपली आणि विचारलं, मग आता मी दादाकडे जाऊ ना? पास झालेले सगळे जातात.

इतकी वर्षं मला वाटायचं, तिच्यासाठी शाळा काढली. ती बापडी सुटायची वाट बघत होती.

आठ मुलं छाप. का काढली तेही छाप. आणि रविवारी तिला न्यायला ये. तुझी पंचाईत होईल, होऊ दे. किती दिवसांसाठी ते तिलाच विचार. मी शाळा काढताना विचारलं नव्हतं.

तिच्यावर लोभ कर, माझ्यावर उरला तर.
ताई